आवाजाची शेपटी

एक कप घ्या. खराखुरा नको, मनातलाच घ्या. खरा फुटला तर बोलणी तुम्हालाच बसतील. त्याचा कान एका बोटात अडकवा आणि त्याला हवेत लोंबकळू द्या, तळ कुठंही टेकवू नका. आता दुसऱ्या हातात एक लाकडी काडी घेऊन कपाच्या काठावर हलकेच मारा. मारून झाल्यावर बोलू नका, थांबा. कप अख्खा असेल तर मारल्याच्या आवाजामागून आणखी एक बारीक सूर निघतो. तो लांबत जातो, बारीक होत होत नेमका कुठं संपला ते कळत नाही. त्याला शेपटी म्हणू या. कपाला केसाएवढी चीर असेल, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी, तर शेपटी नसते. नुसतं ‘बद्द’ होतं आणि तिथंच बसतं. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला हा फरक अक्षरओळखीच्या आधीपासून कळत होता, कारण तिची आई कपबश्यांच्या कारखान्यात हेच काम करायची. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप उचलायचा, काडी मारायची, शेपटी ऐकायची. खणखणीत तो डावीकडं. बद्द तो उजवीकडच्या पिंपात. पिंपात पडताना त्याचे तुकडे व्हायचे, पण ते ऐकायला आई थांबत नसे. आता ती काडी घरी होती, स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या डब्यात, आणि आईही घरीच होती.

त्या दुपारी मावशी आली होती. येताना कपांचा एक संच घेऊन आली होती, खोक्यात भुसा घातलेला. आईनं चहाचं आधण ठेवायच्या आधी काडी काढली. ‘दुकानदारानं तपासून दिलेत गं,’ मावशी म्हणाली. ‘दुकानदाराला डोळे असतात, कान नसतात,’ आई म्हणाली आणि एकेक कप वाजवत गेली. मुलगी आत बश्या पुसत होती. भिंतीपलीकडून तिला सगळेच कप छान वाटले. पण भिंतीपलीकडून ऐकलेलं खरं धरायचं नसतं, हे तिला आईनंच शिकवलं होतं. ती बश्या घेऊन बाहेर आली तेव्हा दोन कप वेगळे काढलेले होते आणि मावशीचं तोंड उतरलेलं होतं. मुलगी ट्रे टेबलावर ठेवायला वाकली. तेवढ्यात तिच्या डोक्यावर, अगदी भांगाच्या रेघेवर, काडी पडली. ‘टक्’ असा आवाज झाला. आई क्षणभर थांबली, कपासाठी थांबावं तशी, आणि म्हणाली, ‘ही तर आमच्याच भट्टीची. बद्द.’ मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगीही हसली. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणही चटकन सामील झालं की कमी लागतं, असं तिनं कधीतरी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. दारात बाबा उभे होते, कामावरून नुकतेच आलेले, हातात हत्यारांची पिशवी. त्यांनी पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

लागलं नव्हतं. काडीचा मार तो काय. पण तो आवाज तिच्या डोक्यात राहिला आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी, नळ सोडून, बोटं मुडपून ती स्वतःला वाजवत बसली. टाळूवर, कपाळावर, कानामागच्या हाडावर. प्रत्येक वेळी ती थांबली, शेपटीची वाट बघत. पाणी बादलीत पडत होतं, त्याचा एक आवाज होता. पाइपाचा एक आवाज होता. तिचा असा काहीच नव्हता. गुडघा वाजवला. दात वाजवले नखानं. दातांतून थोडंसं काहीतरी निघालं, पण दात काही पूर्ण माणूस नव्हे. शाळेतल्या एका मुलीचं डोकंही एकदा वाजवून बघावं, असं तिच्या मनात आलं आणि मग भीती वाटली, की त्या मुलीला शेपटी निघाली तर? बाहेरून आई ओरडली, ‘पाणी काय तुझे बाबा भरतात?’ तिनं नळ बंद केला. नळ बंद केल्यावर जे ऐकू येतं तेही तिनं थोडा वेळ ऐकलं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना बोलायला जमत नसे तेव्हा ते काहीतरी विकत आणत. आईच्या चपला, खिडकीचा पडदा, भिंतीवरचं घड्याळ, या प्रत्येक वस्तूमागं एकेक न बोललेली गोष्ट होती. मुलीनं गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत कुंभारकामाचं चाक पाहिलं होतं, त्यावर एकदा बसलीही होती. तळव्याखाली माती गरगर फिरत असताना एक क्षण असा आला होता की ती फिरतेय हे हाताला कळेना. जणू माती थांबली होती आणि तीच, स्टुलासकट, शाळेसकट, फिरत होती. तेव्हापासून ती चाक मागत होती आणि बाबा ‘बघू’ म्हणत होते. बाबांचं ‘बघू’ म्हणजे काय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मावशी येऊन गेली त्याच आठवड्यात ते म्हणाले, ‘ठमाबाई, चला. तुमचं ते चाक बघून येऊ.’ तिला कळलं की हे चाक भांगाच्या रेघेचं आहे. तरी ती गेली. कुठल्या कारणासाठी मिळतंय हे बघत बसलं तर या घरात काहीच घेता आलं नसतं.

दुकान एका छापखान्याच्या मागं होतं. मातीच्या पिशव्या विटांसारख्या रचलेल्या, आणि मागच्या खोलीत भट्टी, फ्रीजसारखी दिसणारी, पण दार तापलेलं. दुकान चालवणाऱ्या बाईंचे हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि बोलणं कोरडं होतं. घरी ठेवण्याजोगी चाकं तीन होती. पहिलं इतकं गोजिरं की मुलीनं हात पुढं केलाच. ‘ते शोकेसला,’ बाई म्हणाल्या. बाबांनी ते सुरू केलं, फिरत्या तबकडीवर तळवा दाबला. चाक कण्हलं आणि थांबलं. ‘लोड आला की दम सोडतंय,’ बाबा म्हणाले. दुसरं दणकट होतं, बाबांना ते फार आवडलं, त्यांनी त्याच्या मोटारीला कान लावला आणि आदरानं मान हलवली. ‘उचल,’ बाई मुलीला म्हणाल्या. तिनं हात घातले, पाठ ताणली, चाक जागचं हललं नाही. ‘जे एकटीला उचलता येत नाही ते तुझं नाही, ते तुझ्या बापाचं. पुढं चल.’ तिसऱ्याला दोन्ही बाजूंना धरायला खाचा होत्या, वायरीच्या टोकाला पायानं दाबायचं पायडल, भोवती चिखल झेलणारी प्लॅस्टिकची परात, दोन अर्ध्यांत सुटणारी. मुलीनं ते उचलून दारापर्यंत नेलं आणि परत आणलं. मग ते सुरू करून त्यावर आधी तिनं, मग बाबांनी सगळा भार टाकला. चाकाचा सूर थोडा खाली गेला, पण ते फिरत राहिलं. एक बटण दिशेचंही होतं. ‘उजव्या हाताची ना? मग घड्याळाच्या उलट फिरवायचं,’ बाई म्हणाल्या. ‘महिन्याभरात नको वाटलं तर परत घेईन. पण धुऊन आणायचं. वाळलेल्या चिखलासकट मी नवराही परत घेत नाही.’ बाबा मोठ्यानं हसले. घराबाहेर ते असे मोठ्यानं हसत.

आईनं चाकाभोवती एक फेरी मारली. परातीवर काडी वाजवली. ‘प्लॅस्टिक,’ ती म्हणाली. ‘लोक पोरींना सायकल आणतात. तुम्ही चिखल आणलात.’ बाबा म्हणाले, ‘अगं, खेळेल पोर.’ ‘खेळायचं असेल तर खाली मैदान आहे. हे खेळणं नव्हे, हा कारखाना आहे. आणि कारखान्याचा नियम मला ठाऊक आहे.’ मग ती मुलीकडं वळली. रागानं नाही; रागावली असती तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे, कामाची वाटणी सांगावी तशी बोलली. ‘महिना आहे तुझ्याकडं. एक तरी वाजणारं भांडं कर. एकच. मी काडी मारीन. वाजलं तर चाक राहील. नाही वाजलं तर जसं आलं तसं जाईल. कबूल?’ ‘कबूल,’ मुलगी म्हणाली. बाबा म्हणाले, ‘जेवायला वाढतेस ना?’

चाक धुण्याच्या मशीनशेजारी बसलं, मागच्या अरुंद गॅलरीत, खाली जुनी चादर पसरून. माती मळायची, दाबायची, उलटायची, पुन्हा दाबायची, आतली हवा निघेपर्यंत. मग गोळा करून तबकडीच्या मधोमध आपटायचा. मधोमध तो कधीच पडत नसे. चाक फिरलं की गोळा डुगडुगायचा, दर फेरीला तिच्या तळव्याला एकाच बाजूनं धक्का द्यायचा, वर्गातला एखादा मुलगा मागून बाकाला लाथा मारतो तसा, आणि तिनं कोपरं मांड्यांवर रोवून, श्वास धरून, त्याला मध्यावर यायला लावायचं. ढकलून तो येत नसे. आपण हललो नाही तर तो येई. हे कळायला तिला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावर एक विचित्र शांतता तिच्या हातांत आली, जी उरलेल्या घरात कुठंच नव्हती. अंगठे आत घालून तळ उघडायचा, मग बोटांच्या चिमटीत भिंत धरून वर न्यायची. भिंत वर येताना थरथरायची. ती थरथर बघताना तिला नेहमी आईची मांडी आठवे. फार लहान होती ती तेव्हा, आई संध्याकाळी कारखान्यातून आली की तिला मांडीवर घेई, घरातला कप तिच्या कानाजवळ धरी आणि काडी मारी. ‘ऐक. आता त्याचं शेपूट बघ. गेलं का? नाही ना? अजून आहे. अजून आहे बघ.’ आईच्या अंगाला भट्टीच्या धुळीचा वास असे. दोघी डोळे मिटून बसत. शेपटी संपली असं जिला आधी वाटेल ती हरली, असा खेळ होता, आणि आई नेहमी जिंके. मुलीला वाटे संपलं, आणि आई बोट वर करून म्हणे, ‘अजून आहे.’ मुलीला त्या वेळी वाटायचं की आईला असं काही ऐकू येतं जे जगात दुसऱ्या कुणालाच येत नाही. भिंत अंगठ्याएवढी वर यायची आणि एका बाजूनं खचायची, आधी एक घडी पडायची, मग सगळं भांडं थकल्यासारखं खाली बसायचं. त्याच वेळी गॅलरीच्या दारात आई उभी असायची. ‘बसलं?’ ‘बसलं.’ ‘बसणारच. हात बघ तुझे, गवंड्याचे.’ आणि ती कपडे वाळत घालायची, मुलीच्या डोक्यावरून, थेंब चाकावर पडतील असे.

शेवटी तीन वाट्या उभ्या राहिल्या. ओबडधोबड, एकीचा काठ तर लाटेसारखा, पण उभ्या. तिनं त्या प्लॅस्टिकखाली हळूहळू वाळवल्या, रंग फिका होईपर्यंत, आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. आईनं हात पुसले, काडी घेतली. पहिली वाटी तिनं बोटांच्या टोकांवर पेलली, जशी पेलायला हवी तशीच. काडी पडली. ‘बद्द.’ वाटी आईनं दोन्ही हातांत धरली आणि वाळक्या पानासारखी चुरगाळली. दुसरी. ‘बद्द.’ तिसरी मुलीनं उचलून पाठीमागं घेतली. ‘दे.’ ‘ही राहू दे ना, आई.’ ‘पिंपात गेलेला कप “राहू दे” म्हणतो का? दे इकडं.’ तिनं दिली. हे तिला पुढं फार दिवस उमगलं नाही, की तिनं ती दिली का. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, पुन्हा वर केलं. टेबलावर पिठासारखी माती पडली होती आणि आईनं ती फडक्यानं पुसून टाकली, कोपऱ्यापर्यंत, नीटनेटकी.

दुकानातल्या बाईंकडं ती तुकडे घेऊन गेली, रुमालात बांधून. का गेली ते सांगता आलं नसतं; पडलेला दात कुणाला तरी दाखवावासा वाटतो ना, तसं काहीसं. बाईंनी रुमाल उघडला आणि त्यांना हसू आलं. ‘कच्च्यावर काडी मारली? कोणी?’ ‘आईनं. ती कपांच्या कारखान्यात होती. तपासणीला.’ ‘म्हणजे भट्टीच्या पलीकडं. तिनं कच्चं भांडं कधी हातातच घेतलं नसणार. अगं, कच्चं कुणाचंही बद्दच वाजतं, माझंसुद्धा. आगीतून निघाल्याशिवाय आवाज कुठला? रडतेस काय? रडायचंच असेल तर त्या बादलीपाशी रड, तेवढीच माती भिजेल.’ मुलगी रडत नव्हती. तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं दुकानातली खुर्ची धरली. चूक आईची होती. आईचीसुद्धा चूक होऊ शकते, नियमातच, काडीतच. हा विचार ती रस्त्यानं गरम वस्तूसारखा या हातातून त्या हातात घेत राहिली. घरी येऊन तिनं पुन्हा माती मळली.

ही वाटी चांगली झाली. भिंत सारखी, तळ जाडसर नाही, काठ एका रेषेत. बाईंनी ती आधी एकदा भाजली, मग मुलीनं तिच्यावर झिलईचा पांढरा लेप दिला, मग ती पुन्हा भट्टीत गेली आणि पावसाळी आभाळाच्या रंगाची होऊन बाहेर आली. दुकानाच्या पायरीवरच तिनं पेनाच्या टोपणानं तिला मारलं. सूर निघाला. तिनं डोळे मिटले. रस्त्यावर गाड्या होत्या, छापखान्याची धडधड होती, आणि या सगळ्याच्या मधून तो सूर एखाद्या पातळ तारेसारखा जात राहिला, जात राहिला. अजून आहे. अजून आहे. घरापर्यंत तिनं किती वेळा वाजवली असेल. जिन्यात तर पायरीपायरीवर. महिना संपायला अजून अवकाश होता. बाबांनी दार उघडलं आणि म्हणाले, ‘हे काय ठमाबाई, घंटाच आणलीस की!’ आई टेबलापाशी बसली होती. तिनं वाटी घेतली, फिरवून पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. वाटी चांगली आहे हे तिच्या बोटांना कळलं होतं, मुलीला ते दिसलं. काडी पडली. तो सूर निघाला, खोलीभर पसरला, आणि तो तसा पसरलेला असतानाच, त्याच्या अगदी मध्यावर, आईनं वाटी टेबलावर ठेवून दिली. लाकडाला टेकताच सूर मेला. ‘बद्द,’ आई म्हणाली.

‘अगं, वाजतंय की,’ बाबा म्हणाले. ‘तुम्ही दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. कान माझे आहेत.’ बाबा दार लावायला वळले. ‘परवा सुट्टी आहे तुम्हाला. चाक धुऊन पोचवून या.’ ‘बरं,’ बाबा म्हणाले. मुलगी आईकडं बघत होती. आई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना आईची हनुवटी वर जाते, तशी ती गेली नव्हती. ती थांबली नव्हती, एवढंच. जिनं मांडीवर बसवून शेपटी संपेपर्यंत श्वास रोखायला शिकवलं होतं तिनं सूर चालू असताना भांडं खाली ठेवलं होतं, कारण तिच्यासाठी तो चालू नव्हताच. आणि एकदा हे दिसल्यावर मागचं सगळं आपोआप येऊन रांगेत उभं राहिलं. फ्रीजचं दार उघडं राहिलं की तो बारीक किणकिणतो. आई त्याच्यासमोर भाजी निवडत बसलेली असते आणि बाबा आतून उठून येतात, दार लावतात. कारखान्यातल्या मुकादम बाई आईचा डबा द्यायला घरी आल्या होत्या तेव्हा दारातच म्हणाल्या होत्या, ‘हात नाहीत गं गेलेले तुझे. पण चांगले कप फेकत होतीस पिंपात, किती दिवस झाकणार?’ आणि आईनं त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. नंतर आई सांगायची, कारखान्यात यंत्र आणलंय तपासणीला, माणसं नकोत त्यांना. तपासणीच्या खोलीला लागूनच मोठा गरगरणारा ढोल होता, दगडगोट्यांनी माती दळणारा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत गडगडत असायचा. कान एका दिवसात जात नाहीत, मुलांनो. बोलणं ऐकू येत राहतं, दार वाजलेलं कळतं. बारीक सूर तेवढे आधी निघून जातात, आणि जाताना सांगत नाहीत. बाबांना ठाऊक होतं. बाबांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मुलीनं आपल्याला काय वाटतंय ते शोधून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. तिनं आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, भट्टीच्या धुळीचा वासही आणायचा प्रयत्न केला. पण तिच्या हाताला लागलं ते वेगळंच काहीतरी होतं, गुळगुळीत आणि थंड, आणि ते फक्त तिचं होतं. ते तिला एकटीला उचलता येत होतं.

दुसऱ्या दिवशी आईला फोन आला. शहराबाहेर कपबश्यांचं नवं गोदाम निघालं होतं, माल तपासायला माणसं हवी होती, उद्या सकाळी या, समोर ट्रे ठेवू, निवडून दाखवा. फोन ठेवल्यावर आई खोलीत उगाच फिरली. तिनं चांगली साडी काढून खुर्चीवर टाकली, मग उचलली, मग पुन्हा टाकली. बाबा कामावर होते. आईनं घरातले सगळे कप काढले, मागं कपाटात ठेवून दिलेले, चिरलेले, पेनं ठेवायचे, सगळे, आणि टेबलावर मांडले. ‘इकडं ये गं,’ ती म्हणाली. ‘हात बसायला पाहिजे थोडा. तू मारायचीस, मी सांगायचं.’ मुलगी आली. आईनं आपली खुर्ची उलटी फिरवली. ‘पाठ करून बसते. तुझ्या तोंडावर सगळं उमटतं, मग त्यात काय मजा. आणि नीट सांगितलंस तर बघू तुझ्या चाकाचं. मीही काही राक्षस नाही.’

मुलीनं एक कप घेतला, अख्खा. कानात बोट अडकवलं, काडी मारली. सूर लांबला. आईची मान समोर होती, अंबाड्याखाली सुटलेले दोन केस, आणि मान अगदी ताठ. ‘बद्द,’ आई म्हणाली. खोलीत अजून तो सूर होता. ‘काय गं? बरोबर ना?’ त्या ‘ना’मध्ये असं काही होतं जे तिनं आईच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. अंघोळीच्या बादलीशेजारी बसून स्वतःचं कपाळ वाजवणाऱ्या माणसाला ते चांगलं ओळखू येतं. मुलीला वाटलं, आता सांगावं. आई, तो वाजतोय. जाऊ नकोस उद्या. सांगायला एवढंच लागत होतं. मग तिला गॅलरीतलं चाक आठवलं, उद्या धुऊन जाणारं, आणि तेही खरं कारण नव्हतं हे तिला कळत होतं.

‘बरोबर,’ ती म्हणाली.

आईचे खांदे सैल झाले. पुढचा चिरलेला होता. ‘बद्द.’ ‘बरोबर.’ पुढचा. आई जरा थांबली, जुगार खेळावा तशी, आणि म्हणाली, ‘हा खणखणीत.’ तो अर्धा तडकलेला होता, काठापासून तळापर्यंत. ‘बरोबर.’ मग आईला हुरूप आला. ती भराभर सांगू लागली, तिचा आवाज तरुण झाला, मध्येच ती कारखान्यातल्या गमती सांगू लागली, एक बाई कशी कप वाजवता वाजवता झोपायची आणि झोपेतसुद्धा तिचा हात बरोबर जायचा. मुलगी हसत होती. ती खरंच हसत होती. ‘बरोबर, आई.’ ‘बरोबर.’ ‘हाही बरोबर.’ आई म्हणाली, ‘म्हणे कान थकले. त्या मुकादमणीला आणून बसवायला हवं होतं इथं.’ मग, पाठ न वळवता, अगदी सहज म्हणाली, ‘चाक राहू दे घरात. सांगेन मी त्यांना. वाटी काय, पुढची करशील चांगली.’

मुलीला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं काडी खाली ठेवली असती तरी चाललं असतं.

‘एक शेवटचा घे,’ आई म्हणाली. ‘मग उठू.’

मुलीनं टेबलावरच्या कपांवरून नजर फिरवली. चिरलेले बाजूला सारले. उरलेल्यांतून सगळ्यांत पातळ, सगळ्यांत निर्दोष असा एक शोधून काढला, कानात बोट अडकवून उंच धरला आणि काडीचं टोक त्याच्या काठाला नुसतं लागेल इतक्या हलक्या हातानं मारलं. कप गाऊ लागला. आई ताठ बसून वाट बघत होती. सूर तिच्या मानेवरून, केसांवरून पुढं गेला, खिडकीपर्यंत गेला.

‘मार ना गं,’ आई म्हणाली.

मुलीनं पुन्हा मारलं. आधीपेक्षा हळू.